कामाला न्हाई आलो

आमचा बन्सी माणसं मोजत नाही, कोयते मोजतो.

लग्नात किती माणूस जमलंय असं विचारा. तो मांडवावरून एकदा नजर फिरवतो आणि म्हणतो, "असतील दीडशे कोयते." नवखा माणूस दचकून मागं सरतो. त्यात दचकण्यासारखं काही नाही. ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. नवरा ऊस तोडणार, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत नेऊन टाकणार, दोघं मिळून एक. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. बन्सीनं बायकोसोबत सत्तावीस हंगाम ऊस तोडला, मग काही वर्षं टोळीचा मुकादम होता, आता नांदूरघाटला घरी असतो. पण डोक्यातलं माप काही बदललेलं नाही. माझ्या निवृत्तीच्या कार्यक्रमात हार घालायला म्हणून स्टेजवर आला आणि माइक हातात घेऊन म्हणाला, "गुर्जी आन् वहिनी, एक कोयता, आजपासून रिकामा!" सगळी शाळा हसली. माझी बायको पदरात तोंड घालून हसली. मी हसलो नाही. मी आयुष्यभर पोरांना मराठी शिकवलं, माझ्या कार्यक्रमात मला असलं चालत नाही.

मी जरा चिडका आहे. कबूल. पण बन्सीशी पन्नास-पंचावन्न वर्षं दोस्ती केलेला कुणीही माणूस चिडकाच होईल.

आम्ही चौघं सातवीपर्यंत एका वर्गात. मी मास्तर झालो. सलीमनं केजला शिंपीकाम टाकलं. सोपानकडं बापाची मेंढरं होती, ती त्यानं वाढवली. बन्सी वर्षातले सहा महिने वर्गातून गायब असायचा, कारण आईबापाबरोबर ऊस तोडायला जायचा, आणि पुढं बायकोबरोबर जात राहिला. आता म्हातारपणी दर बाजाराच्या दिवशी आम्ही केजच्या स्टँडजवळ चहाला जमतो. रुक्मीन, म्हणजे बन्सीची बायको, तीन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून चहा सांगताना तो हॉटेलवाल्याला म्हणतो, "तीन कोयते आन् एक अर्धा." हसून म्हणतो, त्यामुळं आम्हालाही हसावं लागतं.

तर असाच एका बाजाराच्या दिवशी कप बशीवर आपटून तो म्हणाला, "मला परदेशी जायचंय."

"कावून बे?" सोपान म्हणाला. "परदेशात काय ऊस हाय का?"

"न्हाई म्हणूनच तर जायचंय. मला कामाला न्हाई जायचं." बन्सी पुढं सरकला. "म्या कोल्हापूर बघितलं, सांगली बघितली, कर्नाटक, गुजरात, समदं बघितलं. म्हंजे काय बघितलं? उसाचा फड बघितला. कोल्हापुराकडं आठ हंगाम काढले, देवीचं तोंड न्हाई बघितलं. जिथं गेलो तिथं कोयता घिऊन गेलो. एकदा मला कुठंतरी पाव्हना म्हणून जायचंय. तीन दिवस हाताला कसलं बी काम लावायचं न्हाई. एवढंच माझं म्हणणं हाय. येता का तुमी?"

आता यावर नाही कोण म्हणणार? सलीम लगेच म्हणाला, "चल यार, आपुन तय्यार." तीन दिवसच का, तर सोपानची मेंढरं त्याचा भाऊ तीन दिवसांच्या वर सांभाळायला तयार नव्हता आणि सलीमचा लग्नसराईतला शिलाईचा ढीग पडला होता. म्हणून शुक्रवार, शनिवार, रविवार. अंबाजोगाईच्या एका एजंटानं सांगितलं, तीन दिवसांत जाऊन यायचं तर बँकॉक बरं.

बँकॉक! हे नाव केजच्या स्टँडवर फुटलं आणि आमची तीस-चाळीस वर्षांची अब्रू एका चहात बुडाली. "बँकॉक? चौघंच? बायका न्हाईत संगं?" असं विचारताना लोकांच्या तोंडावर जे हसू यायचं, ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. माझी बायको दोन दिवस बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तिथं देवळं लई आहेत म्हणे. देवळांचेच फोटो पाठवा. तासातासाला."

खरी धास्ती वेगळीच होती. एजंट म्हणाला, तिथं विमानतळावर बोटांचे ठसे घेतात. आणि बन्सीला ठसेच नाहीत. राशनच्या दुकानात त्याचा अंगठा मशीनवर कधीच उठत नाही. उसाच्या पात्यानं आणि कोयत्याच्या मुठीनं बोटावरच्या रेषा खाऊन टाकल्यात. पासपोर्टाच्या वेळी कसंबसं निभावलं होतं. तिथून परत पाठवलं तर? बन्सी महिनाभर बोटांना दुधाची साय चोळत होता. सोपाननं मेंढीचं लोणी आणून दिलं. बोटं मऊ झाली, रेषा काही उगवल्या नाहीत.

"गुर्जी," निघायच्या आधी त्यानं मला विचारलं, "'कामाला न्हाई आलो' याला इंग्रजीत काय म्हणत्यात?"

मी त्याला व्यवस्थित, कर्ता-कर्म-क्रियापदासह पूर्ण वाक्य सांगितलं. तो म्हणाला, "एवढी लांबड कशाला? आखूड सांग."

"नो वर्क," मी वैतागून म्हणालो.

झालं! ते दोन शब्द मी त्याच्या हवाली केले, तिथंच माझं चुकलं. हैदराबादच्या विमानतळावर दारातल्या पोलिसाला नो वर्क. बॅग तपासणाऱ्याला नो वर्क. विमानात हवाईसुंदरीनं पाणी आणून दिलं, तिला छातीवर हात ठेवून नो वर्क. ती बिचारी त्याच्या डोक्यावरचं बटण दाबून बघायला लागली, दिवा बंद पडलाय असं वाटून. मी आपला इंग्रजीतून माफी मागत बसलो.

बँकॉकला उतरलो शुक्रवारी दुपारी. ठशांच्या रांगेत मी, सोपान, सलीम पटापट पलीकडं गेलो. बन्सी अडकला. काचेमागच्या बाईनं त्याची बोटं मशीनवर ठेवायला लावली. लाल दिवा. पुन्हा ठेवली. लाल. ओल्या कागदानं पुसून ठेवली. लाल. मी परत फिरून मदतीला जायला निघालो तर शिपायानं मला हातानंच अडवलं. म्हणजे सगळ्या टोळीत इंग्रजी येणारा एकटा मी, आणि मीच कठड्याच्या पलीकडं उभा राहून हात चोळतोय!

बाईनं काहीतरी विचारलं. बन्सी ताठ उभा राहिला. "नो वर्क," म्हणाला.

मग त्यानं दोन्ही तळहात उताणे करून तिच्यापुढं ठेवले. ती बघतच राहिली. तिला कळेना म्हणून हा गडी दोन पावलं मागं सरला, रुमाल डोक्याला बांधला, कमरेत वाकला आणि तिथं त्या चकचकीत फरशीवर ऊस तोडायला लागला. डाव्या हातानं चार-पाच ऊस कवेत घेतल्यासारखं, उजव्यानं बुडावर घाव, मग शेंड्यावर घाव, मग मागं फेक. बुड, शेंडा, फेक. आणि प्रत्येक फेकीला वर मान करून, "नो वर्क! नो वर्क!"

रांगेतली सगळी माणसं मोबाईल काढून उभी. सोपान म्हणाला, "आता ह्याला जेलात टाकत्यात बघ." मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा एक वयस्कर साहेब आला होता. त्यानं बन्सीचा तळहात आपल्या हातात घेतला आणि अंगठ्यानं दाबून बघितला, घट्टे, जुने वण, सगळं. त्या बाईशी चार शब्द बोलला. तिनं शिक्का मारला. साहेबानं बन्सीला हात जोडले. बन्सीनंही जोडले आणि रुबाबात आमच्याकडं चालत आला.

"गुर्जी, तू इंग्रजी दाखवून आत आलास. म्या हात दाखवून आलो."

खोटं कशाला बोलू, माझा ऊर भरून आला. मी तीन भाषा शिकलेला माणूस, मला आजवर कुठल्या साहेबानं हात जोडले नाहीत.

पण हा अभिमान दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्यापर्यंतच टिकला. हॉटेलात आपलं आपण वाढून घ्यायची पद्धत होती. बन्सी खुर्चीत बसून राहिला. म्हणाला, "वाढून घेणं म्हंजे काम. म्या न्हाई उठणार."

"अरे, सगळे घेतात!"

"घिऊ द्या. ते कामाला आले असतील."

शेवटी मी, निवृत्त मुख्याध्यापक, त्याला ताट वाढून आणलं. तो म्हणाला, "अंडं राहिलं." परत गेलो, अंडं आणलं. पुढचे दोन दिवस हेच. त्याची बॅग सलीमनं ओढायची, ऊन लागलं की छत्री सोपाननं धरायची. बूटसुद्धा मुद्दाम बिननाडीचे घेऊन आलेला, वाकायला नको म्हणून. फक्त एक गोष्ट त्यानं स्वतःकडं ठेवली होती, मुकादमकीची शिट्टी. बाजाराच्या गर्दीत आम्ही पांगलो की जोरात शिट्टी फुंकायचा. आम्ही तिघं मेंढरासारखे गोळा व्हायचो, वर दोन-तीन रिक्षाही थांबायच्या.

त्या शहरात इतक्या उंच इमारती, पण बन्सीचं लक्ष खाली. एका बागेत हिरवळीकडं बघून किती तरी वेळ मान हलवत राहिला. "एकरी साठ टन ऊस कुठं जात न्हाई हितं. नुसतं गवत लावून ठिवलंय." मी म्हणालो, अरे, ही शोभेची बाग आहे. तर म्हणतो, "उसाला काय शोभा नसती व्हय? तुरा आलेला बघितलास का कधी?"

देवळात मात्र तो एकदम गप्प झाला. आडवे पहुडलेले भगवान बुद्ध, या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर पोचत नाही एवढी थोरली मूर्ती. बन्सीनं वाकून नमस्कार केला. विमानतळानंतरचं ते त्याचं पहिलं वाकणं. मग भिंतीला टेकून बसला. मी महापरिनिर्वाण म्हणजे काय ते समजावून सांगायला लागलो, तर म्हणाला, "गुर्जी, जरा गप बस. चेहरा बघ की किती समाधानाचा हाय." मी गप बसलो. तासभर बसलो. बायकोला फोटो पाठवला, तिचा जीव भांड्यात पडला.

असे शुक्रवार-शनिवार त्यानं अगदी राजासारखे काढले. रविवारी संध्याकाळी विमान. "पाच-सहा तास राहिले," तो बोटांवर मोजत म्हणाला. "एकदा विमानात बसलो की जिंकलो बघा. गावात सांगीन, तीन दिवस परगावी व्हतो आन् काडी बी उचलली न्हाई."

दुपारी आम्ही नदीच्या धक्क्यावर गेलो. तिथं एक म्हातारी, आमच्याच वयाची असेल, बसकं स्टूल टाकून ऊस विकत होती. शेजारी उसाची मोळी. ती एकेक ऊस घ्यायची, सुरीनं सोलायची, बोटाएवढ्या गंडेऱ्या करून बर्फावर मांडायची. आम्हाला कौतुक वाटलं, आपल्याकडची वस्तू म्हणून. बन्सी थांबला आणि परीक्षकासारखा कमरेवर हात ठेवून बघायला लागला.

"सुरी बोथट हाय," म्हणाला. "आन् मनगटावर जोर घेती. दुखंल तिला."

"चल, उशीर होतोय," मी म्हणालो.

तो हलेना. म्हातारीनं अर्धा ऊस सोलला, सुरी मांडीवर ठेवली, मनगट दुसऱ्या हातानं दाबलं. पुन्हा सुरी उचलली. पुन्हा ठेवली. मोळी तर अजून निम्मीही झाली नव्हती. मी बन्सीच्या तोंडाकडं बघितलं आणि मला सगळं कळलं.

"बन्सी," मी त्याचा दंड धरला. "हे बघ, आता दोन-चार तासांचा प्रश्न आहे. गावाला काय सांगणार आहेस ते आठव. बघ आणि चल."

त्यानं माझा हात हळूच काढला. म्हातारीपुढं जाऊन उकिडवा बसला आणि हात पुढं करून चक्क आपल्या बोलीत म्हणाला, "बाई, तुमी बसा. मी करतो."

ती घाबरली. सुरी मागं ओढून घेतली. त्यानं तिच्या मनगटाकडं बोट दाखवलं. "दुखतंय ना? बसा तुमी. मी करतो."

काय समजलं तिला, देव जाणे. तिनं सुरी दिली.

बन्सीनं आधी सुरी पायरीच्या दगडावर घासून पाजळली. नखावर धार बघितली. आणि मग वाचकहो, मी जे बघितलं ते मला सांगता येईल की नाही कोण जाणे. पन्नास-पंचावन्न वर्षं मी या माणसाला ओळखतो, पण त्याला काम करताना मी कधी बघितलंच नव्हतं. दिवाळीनंतर माझे वर्ग निम्मे रिकामे व्हायचे आणि पावसाळ्याच्या तोंडावर भरायचे, एवढंच माझं ऊसतोडीचं ज्ञान. त्याच्या डाव्या हातात ऊस फिरायचा आणि उजव्या हातातली सुरी त्याच्यावरून नुसती वाहायची. साल लांबलचक, अखंड निघून पायाशी पडायची. कांड्या ना लहान ना मोठ्या, सगळ्या सारख्या. सलीम, ज्यानं उभ्या जन्मात दुसऱ्याच्या कापाला बरं म्हटलं नाही, तो तोंडावर हात ठेवून म्हणाला, "क्या हात हय रे!" भोवती माणसं जमली. मी त्यांना इंग्रजीत सांगत सुटलो, हा माझा मित्र आहे, माझ्या गावचा, माझ्या वर्गातला. कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगत होतो.

म्हातारी आधी स्टुलावर अंग चोरून बसली होती. मग जरा मागं सरली. मग पाय लांब करून खांबाला टेकली. बन्सी सोलता सोलता मधूनच वर बघायचा, ती टेकलीय ना म्हणून.

सगळी मोळी संपली. त्यानं फडक्याला सुरी पुसून, मूठ तिच्याकडं करून परत दिली. तिनं गंडेऱ्यांची पिशवी भरून दिली, ती त्यानं दोन्ही हातांनी घेतली, आणि तो धक्क्याच्या पायरीवर येऊन बसला.

मला राग आला होता. खरंच आला होता. मी दोन दिवस त्याला ताटं वाढली होती ती काय यासाठी? "घालवलंस ना!" मी म्हणालो. "एवढ्यासाठी हजारो मैल आलो आपण. शेवटच्या दिवशी कावून हात लावलास?"

तो नदीकडं बघत म्हणाला, "गुर्जी, ह्यो बिनकामाचा बेत माझा नव्हता. रुक्मीनचा व्हता. अंबाजोगाईला दवाखान्यात खाटंवर पडल्यावर मला म्हणली, 'आवो, दिवसा अशी आडवी मी जल्मात पहिल्यांदा पडले बघा. बरी झाले म्हंजे एकदा कुठंतरी न्या, बिनकामाचं.' म्या म्हणलो, नेतो. ती काय बरी झाली न्हाई."

सोपाननं गंडेरी तोंडाकडं नेलेली, तशीच खाली ठेवली.

"लई भरल्या मोळ्या उचलायची ती. डोक्यावर घिऊन गाडीच्या फळीवरून चढायची. पोटुशी असताना बी चढली. म्या खाली उभा राहून बघायचो. सत्तावीस हंगाम, गुर्जी. एकदा, निस्तं एकदा माझ्या तोंडातून आलं न्हाई, 'तू बस, मी करतो.' लाज वाटायची बे. टोळीतली माणसं हसतील म्हणून. आज आलं तोंडातून. कसं आलं, मला बी कळलं न्हाई."

सलीमनं त्याच्या खांद्यावर हात टाकला. मी नुसता त्याच्या शेजारी, अगदी खेटून बसलो.

थोड्या वेळानं बन्सीनं, मागं न बघता, हळूच विचारलं, "गुर्जी, ती बसलीय का रे अजून? पाय लांब करून?"

मी वळून बघितलं.

"बसलीय," मी म्हणालो.